अमेरिकेत हृदयसंशोधनाला चाललात? पहिली तीन-चार वर्षे कशी आखावीत

अमेरिकेतल्या विद्यापीठात हृदयावर पोस्टडॉक (पीएच.डी.नंतरचं संशोधन-प्रशिक्षण) करायला येणारी आपली मुलंमुली साधारण एकाच तयारीनिशी येतात. पीएच.डी.चे दोन-चार पेपर, वेस्टर्न ब्लॉट आणि पीसीआरवर बसलेला हात, आणि "आता मोठ्या जर्नलमध्ये काहीतरी यायलाच हवं" ही घाई. मी सल्ला वेगळा देतो. पहिल्या वर्षी पेपरच्या मागे लागू नका, एक मोजमाप पूर्णपणे आपलं करा. ते उंदराच्या हृदयाचं इको (सोनोग्राफी) असेल, पेशीतल्या कॅल्शियमचं मापन असेल किंवा रुग्णांच्या नोंदींवरून मृत्यूचं कारण ठरवणं असेल. ज्याच्या आकड्यांवर लॅबचा विश्वास बसतो, त्याच्याकडे प्रश्न आपोआप येतात आणि पुढे ग्रँटही त्याच प्रश्नातून निघते.

हा आराखडा मुख्यतः पोस्टडॉकसाठी आहे. पीएच.डी.चे विद्यार्थी आणि संशोधनाकडे वळलेले एमबीबीएस-एमडी यांना जिथे फरक पडतो, तिथे तसं सांगितलं आहे.

यायच्या आधी: पगार कुठून, व्हिसा कोणता

अमेरिकेत या क्षेत्रातल्या प्रशिक्षणाचा मोठा पैसा एनआयएच या सरकारी आरोग्य-संशोधन यंत्रणेच्या एनएचएलबीआय या हृदय, फुप्फुस आणि रक्तविषयक संस्थेकडून येतो. १९४८ साली नॅशनल हार्ट इन्स्टिट्यूट या नावाने ती सुरू झाली. विद्यापीठांना ती टी-३२ नावाचं सामूहिक प्रशिक्षण अनुदान देते. त्यातून पीएच.डी.चे काही विद्यार्थी आणि काही पोस्टडॉक यांना विद्यावेतन मिळतं, शिवाय अभ्यासक्रम, सेमिनार, संशोधन-नीतीचे तास असं सगळं बांधून दिलेलं असतं. विभागाच्या संकेतस्थळावरचं हे वर्णन वाचून आपले लोक हरखून जातात आणि तळटीप वाचत नाहीत. टी-३२ साठी आणि वैयक्तिक एफ-३२ फेलोशिपसाठी अमेरिकी नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड लागतं. जे-१ किंवा एच-१बी या तात्पुरत्या व्हिसांवर आलेल्याला ती मिळत नाही.

म्हणजे तुमचा पगार बहुधा पीआयच्या (लॅबप्रमुखाच्या) संशोधन-ग्रँटमधून येणार. तेव्हा मुलाखतीत सरळ विचारा: माझा पगार कोणत्या ग्रँटवर आहे आणि ती कधी संपते? हा प्रश्न तिकडे उद्धट समजला जात नाही. एनआयएच रिपोर्टर या खुल्या संकेतस्थळावर पीआयचं नाव टाकलं की चालू ग्रँट आणि त्यांच्या मुदती दिसतात. मुलाखतीआधी ते बघूनच जा. ग्रँट आठ महिन्यांत संपत असेल आणि दुसरी हातात नसेल, तर लॅब कितीही नामांकित असो, धोका तुमच्या डोक्यावर आहे.

पगाराचा अंदाज घ्यायला एनआयएचचा तक्ता बघा. नव्या पोस्टडॉकसाठी २०२४ चा आकडा वर्षाला ६१,००८ डॉलर होता आणि बरीच विद्यापीठं त्यालाच किमान धरतात. बोस्टन किंवा सॅन फ्रान्सिस्कोत घरभाडं दिल्यावर त्यातलं काय उरतं, याचा हिशोब निघण्याआधी कागदावर करा.

बाहेरच्यांना उघडी असलेली दारं मुख्यतः दोन. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या पीएच.डी. आणि पोस्टडॉक फेलोशिप ठरावीक तात्पुरत्या व्हिसांवरच्या लोकांनाही मिळू शकतात, फक्त अर्जाआधी संघटनेचं सदस्य व्हावं लागतं. दुसरं दार एनआयएचच्या के-९९/आर-०० या, पोस्टडॉकपासून स्वतःच्या लॅबपर्यंत नेणाऱ्या अनुदानाचं. तिथे नागरिकत्वाची अट नाही, पण घड्याळाची आहे, त्याबद्दल पुढे लिहितो. टी-३२ चा पगार मिळत नसला तरी त्याचे वर्ग आणि सेमिनार इतरांना बंद असतातच असं नाही. कार्यक्रम-संचालकांना एक ईमेल टाका, बहुतेक जण हो म्हणतात.

व्हिसाबाबत एवढंच: संशोधकाच्या जे-१ ची कमाल मुदत पाच वर्षांची आहे. दोन वर्षं मायदेशी राहण्याची अट तुम्हाला लागू आहे का, हे कागदपत्रं हातात पडताच तपासा. नियम अलीकडे भराभर बदलताहेत, म्हणून मित्राच्या अनुभवावर न जाता विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाकडून लेखी उत्तर घ्या. डॉक्टर मंडळींनी आणखी एक लक्षात ठेवावं. संशोधनासाठी आलेल्याला तिथे रुग्ण तपासता येत नाहीत, त्याचे परवाने आणि परीक्षा हा निराळा मार्ग आहे.

लॅब निवडताना पीआयपेक्षा जुन्या पोस्टडॉकचं ऐका

लॅब सोडून गेलेल्या दोघा-तिघांना फोन करा, ईमेल नको. पेपर किती आले हे पबमेड सांगतंच. त्यांना विचारा की जाताना प्रकल्पाचा काही भाग सोबत नेऊ दिला का? आधीच्या निष्कर्षाच्या उलट निकाल आला तेव्हा पीआयने काय केलं? दुसरा प्रश्न ऐकून समोरचा जरा थांबला, तर ते थांबणंच उत्तर समजा.

हे मी उगाच सांगत नाही. हृदयाच्या स्नायूची मूळपेशींनी पुन्हा बांधणी होते, असं सांगणाऱ्या शोधनिबंधांवर २००१ पासून एक अख्खं उपक्षेत्र उभं राहिलं. २०१८ साली हार्वर्ड मेडिकल स्कूल आणि ब्रिगहॅम रुग्णालयाने त्या मुख्य प्रयोगशाळेचे ३१ शोधनिबंध मागे घ्यावेत अशी शिफारस केली, कारण त्यांत बनावट किंवा फिरवलेली माहिती होती. त्याच महिन्यात एनआयएचने संबंधित उपचाराची रुग्णांवरची एक चाचणी तात्पुरती थांबवली. मधल्या काळात कितीतरी तरुण संशोधकांची वर्षं ते निकाल पुन्हा मिळवण्यात गेली. निकाल मिळत नव्हते तेव्हा त्यांना वाटलं, आपलाच हात चुकतोय.

पहिले सहा ते नऊ महिने: एकच मोजमाप

उदाहरणासाठी उंदराचं इको घेऊ, कारण जवळपास प्रत्येक हृदय-लॅबमध्ये ते होतं आणि बहुतेक ठिकाणी ते कामचलाऊ होतं.

जाग्या उंदराचं हृदय मिनिटाला पाचशे-सहाशे वेळा धडधडतं. आयसोफ्लुरेनची गुंगी दिली की हा वेग उतरतो. गुंगी जास्त झाली, वेग साडेतीनशेवर आला की धडधाकट उंदराचं हृदयसुद्धा दुबळं दिसू लागतं. आता समजा, सकाळी नॉर्मल गटातले उंदीर बघितले आणि दुपारी, हात दमल्यावर, जनुक काढलेले. दुपारच्या उंदरांना गुंगी थोडी जास्त मिळाली. झाला तुमचा "शोध". म्हणून प्रत्येक मोजमापासोबत हृदयाचा वेग आणि शरीराचं तापमान लिहिलंच पाहिजे. वेग किमान ४५० च्या वर असतानाची चित्रं घ्यायची असा नियम करून टाका, आणि दोन्ही गटांतले उंदीर आलटून पालटून टेबलावर घ्या.

पुढचा मुद्दा भूमितीचा. उंदराच्या डाव्या जवनिकेचा (हृदयाच्या खालच्या कप्प्याचा) व्यास, हृदय शिथिल असताना, साधारण साडेतीन ते चार मिलिमीटर असतो. एम-मोड या इकोच्या प्रकारात एकाच रेषेवर कर्सर ठेवून आपण तो मोजतो आणि सूत्र त्याचा घन करतं. साध्या घनसूत्रात व्यास १० टक्क्यांनी चुकला तर आकारमान ३३ टक्क्यांनी चुकतं. पडद्यावर ही चूक डोळ्यांना जाणवतही नाही. शिवाय सूत्र धरून चालतं की हृदय सगळीकडून सारखं आकुंचन पावतं. डावी पुढची धमनी बांधून हार्ट अटॅक घडवलेल्या उंदरात ते खरं नसतंच. एक भिंत मेलेली, दुसरी जास्त जोर लावणारी. रेषा जोर लावणाऱ्या भिंतीवर पडली तर इजेक्शन फ्रॅक्शन (दर ठोक्याला जवनिकेतलं किती टक्के रक्त बाहेर पडतं तो आकडा) झकास येतं. अशा प्रयोगात लांब अक्षावरची पूर्ण चित्रं घेऊन हृदयाची कड हाताने आखावी लागते. वेळ लागतो, पण इलाज नाही.

आता सराव. लॅबच्या सर्व्हरवरून जुन्या वीस क्लिप घ्या आणि सहकाऱ्याला फाइलींची नावं बदलून द्यायला सांगा. सगळ्या मोजा. आठवड्याने क्रम बदलून पुन्हा मोजा, पहिले आकडे न बघता. मग ब्लँड आणि आल्टमन यांनी १९८६ साली लॅन्सेटमध्ये मांडलेल्या पद्धतीने दोन्ही वेळच्या मोजणीतला फरक आलेखावर काढा. तुमची तुमच्याशीच गाठ पडते तिथे. दोन मोजण्यांत इजेक्शन फ्रॅक्शन आठ-दहा अंकांनी हलत असेल आणि तुमचं औषध पाच अंकांचा फरक पाडेल अशी आशा असेल, तर प्रयोग सुरू करण्यात अर्थ नाही. नंतर हेच लॅबमधल्या सगळ्यात अनुभवी माणसाच्या मोजणीशी ताडून बघा. फरक एका ठरावीक अंकाच्या आत आला की तुम्ही तयार. हा आलेख जपून ठेवा, तो फेलोशिपच्या अर्जात कामी येतो.

ज्यांची लॅब शरीराबाहेर काढून द्रावणावर चालवलेल्या हृदयावर, म्हणजे लँगेनडॉर्फ पद्धतीने काम करते, त्यांचं पहिलं मोजमाप द्रावणापासून सुरू होतं. क्रेब्स द्रावणात कॅल्शियम सगळ्यात शेवटी, ९५ टक्के ऑक्सिजन आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे नीट सोडून झाल्यावर घालायचं. आधी घातलं की बीकर दुधाळ होतो. दुधाळ झालेलं द्रावण ढवळून "चालेल" म्हणू नका, ओतून द्या, कारण खाली बसलेलं कॅल्शियम हृदयाला मिळणारच नाही. सिडनी रिंगर यांनी १८८२ साली लंडनमध्ये बेडकाच्या हृदयावर काम केलं, तेव्हा नुसत्या क्षारद्रावणात हृदय छान चाललेलं दिसलं. पुढच्याच वर्षी त्यांनी खुलासा केला की ते द्रावण डिस्टिल्ड पाण्याऐवजी नळाच्या पाण्यात बनलं होतं. हृदय चालवत होतं ते त्या पाण्यातलं कॅल्शियम. पाण्याची बाटली कुठून भरली हे वहीत लिहिणारा नवखा मला आवडतो.

उंदरांचा हिशोब

तीन उंदरांच्या हृदयांतून पन्नास पेशी मोजल्या तर एन (स्वतंत्र नमुन्यांची संख्या) पन्नास होत नाही, तीनच राहतो. एकाच हृदयातल्या पेशी एकमेकींसारख्या असतात, आणि त्यांना स्वतंत्र धरलं की पी-व्हॅल्यू (संख्याशास्त्रीय कसोटीचा आकडा) फुकटात सुंदर होते. पेशी आणि प्राणी असे दोन स्तर धरून विश्लेषण कसं करायचं, ते विद्यापीठाच्या संख्याशास्त्र-सल्ला केंद्रात प्रयोगाआधी विचारा. प्रयोगानंतर गेलात तर ते फक्त सांत्वन करतील.

पिंजऱ्यावरच्या कार्डाकडे जरा बघा. त्यावर जनुकाचा प्रकार ठळक लिहिलेला असतो. मग "मोजणाऱ्याला गट माहीत नव्हता" हे वाक्य पेपरात कसं लिहिणार? सहकाऱ्याला कार्डावर नुसते क्रमांक लावायला सांगा, कोणता क्रमांक कोणत्या गटाचा याची किल्ली त्याच्याकडे राहू दे. कोणता उंदीर वगळायचा याचे नियमही किल्ली उघडण्याआधीच लिहून ठेवा.

मेलेल्या उंदरांची नोंद हा नवख्यांचा हमखास कच्चा दुवा. हार्ट अटॅकनंतर पहिल्या आठवड्यात काही उंदरांचं हृदय फाटतं, नरांमध्ये जास्त. औषधाने हे मृत्यू टळले, तर फार आजारी उंदीरही इकोपर्यंत पोचतात आणि औषधगटाची सरासरी उलट वाईट दिसते. नुसते जिवंत मोजले तर चांगलं औषध तुम्हीच कचऱ्यात टाकाल.

उंदराची उपजातही पूर्ण लिहा. सी५७ब्लॅक/६ च्या 'जे' आणि 'एन' या दोन वाणांत फरक आहे: 'जे' मध्ये मायटोकॉन्ड्रियातलं एनएनटी हे जनुक निकामी असतं. हृदयाच्या ऊर्जेवर काम करताना नॉर्मल गट एका वाणाचा आणि बदललेला दुसऱ्याचा असेल तर सगळंच मुसळ केरात. नर-मादी दोन्ही घ्या. २०१६ पासून एनआयएच अर्जात त्याचा विचार मागतं, आणि न घेण्याचं कारण द्यावं लागतं.

जर्नल क्लब: गाजलेली फसगत आधी वाचा

नवीन पेपर वाचायला सगळेच वाचतात. मी पहिले दोन महिने जुन्या, उलटलेल्या कल्पना वाचायला लावतो. पहिला नंबर कास्ट (CAST) नावाच्या औषध-चाचणीचा. हार्ट अटॅकनंतर ज्यांच्या हृदयात जादा ठोके पडतात ते जास्त दगावतात, हे माहीत होतं. एन्कायनाइड आणि फ्लेकायनाइड हे ठोके दाबत होते. मग औषध द्यायलाच हवं, नाही का? १९८९ साली प्राथमिक निकाल आले: औषध घेणाऱ्या ७३० जणांपैकी ५६ दगावले, औषध नसलेली गोळी घेणाऱ्या ७२५ पैकी २२. ईसीजी सुधारला होता, माणूस गेला होता.

त्याच्या जोडीला टॉर्सेट्रापिब ठेवा. "चांगलं" कोलेस्टेरॉल वाढवणारं हे औषध, मृत्यू वाढल्याचं दिसल्यावर २००६ साली थांबवावं लागलं. दोन्ही वाचून झाल्यावर प्रत्येकाने आपल्या प्रकल्पाबद्दल एका पानात लिहायचं: मी जे मोजतोय ते सुधारूनही रुग्ण वाईट व्हावा, असं कशाने होऊ शकेल? पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना हा कागद पात्रता-परीक्षेत वाचवतो.

आठवड्यातून अर्धा दिवस रुग्णालयात

बायोटेक किंवा फार्मसीतून आलेल्याने हार्ट फेल्युअरचा एकही रुग्ण बघितलेला नसतो आणि तो हार्ट फेल्युअरवर ग्रँट लिहीत असतो. परवानगी आणि रुग्ण-गोपनीयतेचं प्रशिक्षण पूर्ण करून इको-रीडिंग रूममध्ये, कॅथलॅबमध्ये, ओपीडीत मागे उभं राहा. दोन उशा घेतल्याशिवाय झोप न येणारा माणूस दिसला की "इजेक्शन फ्रॅक्शन कमी" या शब्दांचं वजन कळतं. डॉक्टरांचं उलटं: त्यांनी पहिले तीन महिने स्वतः पिपेट धरावी, टेक्निशियनच्या भरवशावर राहू नये.

आपल्या लोकांची माहिती आहे, ती वापरा

फ्रेमिंगहॅम अभ्यास १९४८ साली मॅसॅच्युसेट्समधल्या एका गावात ५,२०९ लोकांवर सुरू झाला. रक्तदाब, कोलेस्टेरॉल, सिगारेट यांना आज आपण जोखमीचे घटक म्हणतो, ती भाषा रुजवण्यात त्याचा मोठा वाटा आहे. पण ते लोक जवळपास सगळे गोरे होते. भारतीय उपखंडातल्या माणसाला हृदयविकार लवकर का होतो, हा प्रश्न त्यातून सुटत नाही. त्यासाठी मसाला नावाचा अभ्यास आहे, सॅन फ्रान्सिस्को आणि शिकागो परिसरातल्या दक्षिण आशियाई लोकांचा. २०१० पासूनच्या पहिल्या फेरीत त्यात ९०६ जण होते. इकडे पुण्यात केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ पासून आसपासच्या खेड्यांतल्या गरोदर बायका आणि त्यांची मुलं यांचा मागोवा घेतला. वजनाने कमी पण तुलनेने चरबी राखून असलेलं भारतीय बाळ, ही मांडणी त्यातूनच पुढे आली.

प्रयोगशाळेत काम करणाऱ्यालाही या अभ्यासांतून प्रश्न मिळतात. एनएचएलबीआयच्या बायोलिंक या भांडारातून अनेक जुन्या अभ्यासांची माहिती रीतसर अर्ज करून मिळते. उंदरातला निष्कर्ष माणसांच्या नोंदींत टिकतो का, हे बघायला दुसरी लॅब लागत नाही.

"सर म्हणाले तसं केलं"

हे वाक्य लॅब मीटिंगमध्ये ऐकलं की मला कळतं, समोरचा आपल्याकडचा आहे. तिकडे पीआयला पहिल्या नावाने हाक मारतात, ते आपण महिनाभरात शिकतो. मतभेद सांगायला मात्र वर्षं लागतात. एक युक्ती सांगतो: विरोध तोंडी न करता आकड्यात करा. "मला पटत नाही" म्हणण्याऐवजी "वेग ४५० च्या वर असलेल्यांचं वेगळं बघितलं, फरक उरत नाही" असं म्हणा. पहिल्या टप्प्यातलं मोजमाप पक्कं केलंत ते याच दिवसासाठी.

एकाच माणसावर विसंबू नका. एक संख्याशास्त्र जाणणारा, एक हृदयरोगतज्ज्ञ, एक दुसऱ्या विभागातला, असे तिघे सहा महिन्यांतून एकदा तासभर बसतील अशी समिती स्वतः जमवा. वैयक्तिक विकास आराखडा नावाचा जो फॉर्म भरायला सांगतात, तो उरकून टाकू नका, याच समितीपुढे ठेवा.

के-९९: तारखा मागून मोजा

अर्जाच्या वेळी पोस्टडॉक संशोधनाची चार वर्षं ओलांडलेली चालत नाहीत. भारतात पोस्टडॉक केलं असेल तर तेही धरा. डॉक्टरांचा निव्वळ रुग्णसेवेतल्या प्रशिक्षणाचा काळ त्यात मोजत नाहीत. नव्या अर्जांच्या नेहमीच्या मुदती १२ फेब्रुवारी, १२ जून आणि १२ ऑक्टोबर. पुन्हा पाठवायच्या अर्जांसाठी प्रत्येकी एक महिना पुढे. परीक्षण व्हायला चार-पाच महिने जातात, आणि पहिल्या फेरीत परत येणं अगदी सर्रास आहे. म्हणजे पहिला अर्ज तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला जायला हवा, तरच सुधारून पाठवायला जागा उरते. मिळाली तर दोन वर्षांपर्यंत मार्गदर्शकाच्या छत्राखाली आणि नोकरी लागल्यावर तीन वर्षांपर्यंत स्वतःच्या लॅबसाठी पैसा. अटी मात्र त्या-त्या वेळच्या मूळ सूचनेत वाचा.

परीक्षक उमेदवार, प्रशिक्षणाचा आराखडा, संशोधनाचा आराखडा, मार्गदर्शक आणि वातावरण या पाचही गोष्टींना गुण देतात. आपले लोक नव्वद टक्के जीव संशोधनाच्या पानांवर ओततात आणि प्रशिक्षणाच्या भागात "अमुक परिषदेला जाईन" एवढंच लिहितात. तिथे लिहा की मला इको येतं, हा माझा पुनर्मापनाचा आलेख. मला एकेका पेशीतल्या आरएनएचं विश्लेषण येत नाही, ते अमुक कोर्सला, अमुक व्यक्तीकडे, अमुक महिन्यांत शिकेन, आणि त्याशिवाय संशोधन-आराखड्यातला माझा तिसरा हेतू पूर्ण होणार नाही. जे येत नाही ते नेमकं सांगणारा उमेदवार शिकवण्याजोगा वाटतो.

लॅब सोडताना

सोबत काय न्यायचं हे पीआयशी अर्ज लिहितानाच ठरवा, राजीनाम्याच्या आठवड्यात नाही. के-९९ च्या शिफारसपत्रातच पीआयने लिहून द्यावं की प्रकल्पाचा हा भाग उमेदवाराचा आणि हा लॅबचा. परीक्षकही तेच शोधत असतात. प्रयोगवह्या आणि मूळ माहिती विद्यापीठाच्या मालकीची असते, म्हणून प्रत नेण्याची परवानगी लेखी घ्या. उंदरांचं वाण आणि प्लास्मिड न्यायला दोन विद्यापीठांमध्ये साहित्य-हस्तांतर करार लागतो आणि त्याला कित्येकदा महिने लागतात. नव्या ठिकाणी प्राणी-समितीची मंजुरी येईपर्यंत वाण जगवायचं कुणी आणि खर्च कुणाचा, हेही विचारून ठेवा. शंका असेल तर निघण्याआधी शुक्राणू गोठवून घ्या, आणि क्रमांकांची ती किल्ली कुठल्या फोल्डरमध्ये आहे हे तुमच्या जागी येणाऱ्याला ईमेलने कळवा.